नाइट्स ऑफ कोलंबससारख्या कॅथलिक बंधुसंघटना युद्धात आणि शांततेत नेमकं काय करतात?

सुरुवात शांततेतल्या गरजेतून झाली. १८८२ मध्ये अमेरिकेत, न्यू हेवनला फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनी ही संघटना काढली. घरचा कर्ता पुरुष गेला की स्थलांतरित कामगारांची कुटुंबं उघड्यावर पडायची. सभासदांनी वर्गणी जमवून त्या विधवेला, मुलांना आधार द्यायचा, ही मूळ कल्पना. सभासदांचा विमा आजही तिच्या कामाचा मोठा भाग आहे.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा संघटनेने देशातल्या छावण्यांत आणि युरोपातही सैनिकांसाठी विसाव्याच्या जागा उघडल्या. बाहेर पाटी असायची: ‘सर्वांचं स्वागत, सगळं मोफत.’ आत घरी पत्र लिहायला कागद, सिगारेटी, खेळ, करमणूक, शिवाय मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना. पण येणाऱ्याचा धर्म कुणी विचारत नसे. सैन्यात उघड वर्णभेद असतानाही कृष्णवर्णीय सैनिकांना तिथे दार उघडं होतं. मला तरी ही त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते.

युद्ध संपल्यावरच्या कामाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. परतलेल्या सैनिकांना त्यांनी नोकऱ्या मिळवून दिल्या आणि त्यांच्यासाठी मोफत रात्रशाळा चालवल्या.