उदास वाटू लागले की मी पितळेची भांडी घासतो

मन बिघडल्यावर घरच्या घरी, पैसे न खर्चता स्वतःला कसे सावरावे, असे आपण विचारले आहे. चहा, जुनी गाणी आणि संध्याकाळचा फेरफटका आपण करून पाहिलेच असतील, म्हणून त्यांविषयी लिहीत नाही. मी पितळेची भांडी घासतो.

२०११ साली वडील गेले, त्याला महिनाही झाला नव्हता. वाड्यातली जागा रिकामी करून द्यायची होती, म्हणून दादाने आईच्या संसारातली सारी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालण्यासाठी पोत्यांत भरून ठेवली होती. "आता घासणार कोण?" हा त्याचा प्रश्न होता. मला उत्तर सुचले नाही. मध्यरात्री मी एक पोते सोडले, चिंच भिजत घातली आणि एक घंगाळ, दोन तांबे, एक समई व आईचे आमटीचे पातेले घेऊन मोरीत बसलो. चिंचेच्या कोळात मीठ घालून चोळले की त्यातल्या आम्लाने वरचा काळपट थर सुटतो आणि खालचे पितळ बोटाबोटाने उजळत जाते. हात गुंतलेले असतात, नजर एका डागावर असते, आणि काम कुठवर आले हे डोळ्यांना दिसते. त्या दिवसांत माझ्या हाती असे दुसरे एकही काम नव्हते. समईच्या खोबणीतले जुने तेल काढता काढता मला रडू आले, ते स्मशानातही आले नव्हते.

घासलेले भांडे लगेच कोरडे पुसावे, अन्यथा पाण्याचे डाग पडतात. कल्हईच्या भांड्याला आतून राख किंवा विटेची भुकटी लावू नये. मी त्या रात्री लावली, पातेल्याची कल्हई गेली, आणि पुढे त्यात केलेली आमटी कळकली. ते पातेले कसबा पेठेतल्या तांबट आळीत नेऊन पुन्हा कल्हई करून आणावे लागले.

दादा पहाटे उठला आणि म्हणाला, "बायकांसारखा भांडी काय घासत बसलास? दोन पेग घेऊन झोपायचे होतेस." पुरुषाने दुःख ग्लासात बुडवले तर समजूतदारपणा आणि मोरीत बसून धुतले तर बायकीपणा, हा हिशेब मला तेव्हाही पटला नाही. दारूने झोप लवकर लागते, परंतु उत्तररात्री मोडते, हे दादाला स्वानुभवाने ठाऊक होते. तेव्हा आपल्याही घरातले कोणी भांडी मोडीत काढायला निघाले असेल, तर निदान एक तांब्या तरी बाजूला काढून ठेवा.

हा औषधोपचार नव्हे, हे आधीच सांगायला हवे होते. झोप, भूक आणि कामातले लक्ष दोन आठवडे उडालेले असेल, तर डॉक्टरांना भेटावे, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलावे. तिथे मराठीतही बोलता येते.

दादाच्या मुलीच्या लग्नात समई माझ्याकडूनच मागून नेण्यात आली. परत आली तेव्हा तिच्या खोबणीत तेलाचा काळा थर तसाच होता.