नागरी हक्क संस्थेला फोर्ड फाउंडेशनसारख्या परदेशी संस्थेचा निधी घेता येतो का?

घेता येतो, पण धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी त्यासाठी पुरत नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणाऱ्या कायद्याखाली केंद्रीय गृहमंत्रालयाची परवानगी लागतेच. संस्था तीन वर्षं जुनी असेल आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झाले असतील, तर एफसी-3ए हा नोंदणीचा अर्ज भरा. नसेल तर एफसी-3बी, म्हणजे एका देणगीदारापुरती पूर्वपरवानगी. त्याला देणगीदाराचं वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल जोडावा लागतो.

पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात येतात. स्थानिक खात्यात एक रुपयाही थेट घेऊ नका.

संस्था हमखास अडकतात त्या 2020 च्या दुरुस्तीत: प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत हवा आणि हा निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. गावोगावच्या छोट्या गटांना मोठ्या संस्थेमार्फत मिळणारी मदत त्यामुळेच आटली, आणि हे फार मोठं नुकसान आहे.

मोर्चे काढता म्हणून घाबरू नका. पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संस्थेला केवळ बंद, निदर्शनांमुळे राजकीय ठरवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये म्हटलंय.

एफसी-4 हे परदेशी निधीचं वार्षिक विवरणपत्र दरवर्षी 31 डिसेंबरपूर्वी भरा, निधी शून्य आला तरी.