वाचकांचे प्रश्न : पद्मिनीच्या बुडाचा गंज

प्रश्न : वडिलांनी १९७८ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून वापरतो. गाडी रत्नागिरीत, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवरच्या शेडमध्ये उभी असते. यंदा वरचे रंगकाम पूर्ण झाले. परंतु खालच्या पत्र्यावर गंजाचे डाग असून दोन ठिकाणी पोपडे सुटले आहेत. रंगाऱ्याचे म्हणणे असे की काळे रबर कोटिंग मारून टाका, म्हणजे दहा वर्षे बघायला नको. आमचा मेकॅनिक जळके ऑइल मारायला सांगतो. गंजावर लावायचे द्रावणही दुकानात मिळते. यातले काय निवडावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ‘दहा वर्षे बघायला नको’ यातच त्या कोटिंगची गोम आहे, कारण एकदा ते मारले की खाली काय चालले आहे ते बघताच येत नाही. डांबर किंवा रबर असलेला हा जाड थर नव्या, स्वच्छ, रंगवलेल्या पत्र्यावर चाकांनी उडवलेल्या खडीचा मार उत्तम सोसतो. मात्र गंजलेल्या पत्र्यावर तो नीट धरत नाही, काही वर्षांनी कडक होऊन त्याला बारीक चिरा पडतात आणि चिरेतून आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. माझ्या स्वतःच्या फियाटखालचे असे कोटिंग वरून अगदी काळेभोर आणि धडधाकट दिसत होते. एका जागी ते किंचित फुगलेले वाटले म्हणून अंगठ्याने दाबले, तर पापडासारखे मोडले आणि आतून तांबूस पाण्याची धार मनगटावर आली.

पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही. दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या, बुडाचा पत्रा आणि त्याला जोडलेले पोकळ भाग हाच तिचा सांगाडा असल्याने तिथला गंज हा दिसण्याचा नव्हे, तर मजबुतीचा प्रश्न आहे. म्हणून कोटिंगच्या डब्याआधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा. त्याच्या मुठीने जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर जिथे बसतात तो भाग आणि दरवाजांखालच्या पट्ट्या ठोकून, मग टोकाने टोचून पाहाव्यात. आवाज खणखणीत आला तर ठीक; बद्द आला किंवा टोक आत रुतले, तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करून घेण्याला पर्याय नाही. तिथे लांबी (पुट्टी) भरून वर काळा थर देणारे कारागीर कमी नाहीत, तेव्हा काम चालू असताना स्वतः हजर राहिलेले बरे.

आपल्याकडे खरा शत्रू पाऊस नसून मीठ आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेते, त्यामुळे शेडमध्ये कोरडी उभी असलेली गाडीही पत्र्यापुरती ओलीच असते. गंजाच्या खाचांत हे मीठ शिल्लक राहिले, तर वर कितीही महाग रंग दिला तरी तो फुगतो. यासाठी पोपडे खरवडून, वायर ब्रश मारून, बूड भरपूर गोड्या पाण्याने धुवावे, चांगले वाळू द्यावे आणि पुन्हा एकदा घासून धुवावे. एप्रिल-मे हाच यासाठी योग्य काळ. पहाटे पत्र्यावर दव असते, तेव्हा रंगाचे काम ऊन वर आल्यावरच सुरू करावे.

गंजावर लावायच्या बहुतेक द्रावणांत फॉस्फोरिक आम्ल असते. पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर ते काम करते. पोपड्यांखाली ते पोहोचतच नाही. शिवाय आम्लाचा अंश मागे राहिला तर त्यावरचा इपॉक्सी प्रायमर नीट कडक होत नाही. ज्या पोकळीत धुता येत नाही तिथे ते अजिबात ओतू नये. जस्तयुक्त प्रायमरही उघड्या लोखंडाला थेट टेकला तरच उपयोगी पडतो, गंजावर तो वाया जातो.

माझी निवड अशी : स्वच्छ केलेल्या पत्र्यावर हार्डनर मिसळून वापरायच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर शक्यतो फिकट राखाडी रंग, म्हणजे गंजाचा पहिला ठिपकाही उठून दिसतो. घराच्या ग्रिलला मारतात तो साधा रेड ऑक्साइड या जागी पुरा पडत नाही. रबर कोटिंग द्यायचेच असेल, तर ते प्रायमर नीट वाळल्यानंतर फक्त चाकांवरच्या कमानींत, खडी लागते तिथे द्यावे. बाकी सगळीकडे मेणाचा किंवा लोकरीच्या चरबीपासून केलेला पारदर्शक लेप फवारावा. हा लेप मऊच राहतो, त्याला चिरा पडत नाहीत. तो धुऊन जातो हा त्याचा दोष खरा, म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एक हात पुन्हा द्यावा लागतो. पण त्या निमित्ताने वर्षातून एकदा गाडीखाली डोके जाते. पोकळ पट्ट्यांत लांब नळीने पातळ मेण सोडावे आणि नंतर खालची पाणी जाण्याची भोके सायकलच्या स्पोकने मोकळी करावीत. सायलेन्सर आणि ब्रेकचे ड्रम आधी झाकून घ्यावेत.

जळक्या ऑइलचा उपाय आपल्याकडे जुना आहे आणि त्याने गंज काही काळ थांबतो हेही मान्य. परंतु त्याने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटून चिखलाचा लगदा बसतो आणि ठिबकलेले ऑइल अखेर विहिरीच्या पाण्यात उतरते. तो मोह टाळावा.

प्रश्न : माझ्या अँबॅसडरखाली जुने डांबरी कोटिंग आहे आणि ते बहुतेक ठिकाणी घट्ट वाटते. ते सगळे काढून नवे द्यावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नको. जिथे स्क्रूड्रायव्हरचे टोक खाली शिरत नाही, तिथले कोटिंग तसेच राहू द्यावे. कडा सुटल्या असतील तेवढ्याच घट्ट भाग लागेपर्यंत खरवडाव्यात, उघडा पडलेला पत्रा प्रायमरने झाकावा आणि कडांवर मेण द्यावे. नागपूरच्या कोरड्या हवेत मला काळजी वाटते ती वरच्या बाजूची. काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी मॅटखालच्या तागाच्या किंवा नमद्याच्या थरात महिनोन्‌महिने मुरते आणि बूड वरून सडू लागते. खालचे काम हाती घेण्यापूर्वी मॅट काढून तो थर हाताने दाबून पाहावा. ओलसर लागला तर दोन दिवस कडक उन्हात टाकावा आणि आधी काचेचे रबर बदलून घ्यावे.