९ वर्षांचा मुलगा कबड्डी खेळतो. लहानपणी डोक्याला मार बसला तर मोठेपणी मेंदूवर परिणाम होतो का?

तुमचा प्रश्न वाचला आणि डोळ्यासमोर आमचा दादाच आला, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चालवून घ्या.

मी बडोद्याचा. इथे १९२३ साली हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम ठरवून स्पर्धा भरवलेली, म्हणजे इथल्या वाडी भागात जन्मलेल्या पोराने कबड्डी खेळायची का असं कोणी विचारतच नसे. १९९३, मी आठवीत, उजव्या कोपऱ्यात बचावाला. समोरचा चांगला दांडगा पोरगा चढाईला आला, मी चवड्यावर झेपावलो, डोकं बाहेरच्या बाजूला ठेवायचं ते नेमकं आत घातलं आणि त्याचा गुडघा बसला कानशिलावर. बेशुद्ध वगैरे काही नाही. उठलो, माती झटकली, शेजारच्याला विचारलं, गुण किती झाले? त्याने सांगितलं. अर्ध्या मिनिटाने परत, किती झाले? मग परत. सगळी टीम खो खो हसायला लागली. सरांनी गोळेवाल्याकडून बर्फ आणून चोळला, म्हणाले "चल ऊठ, जावई आहेस का?" आणि पाच मिनिटांत परत आत. दुसऱ्या हाफमध्ये साखळी पकडीत आमच्याच पोराचं डोकं माझ्या डोक्यावर आदळलं म्हणे. म्हणे, कारण मला तो हाफच आठवत नाही.

पुढचे तीनेक आठवडे ट्यूबलाइटकडे बघवत नव्हतं, सुरसागर तलावाच्या बाजूने सायकल काढली की गरगरायचं, एक ओळ तीनदा वाचायचो तरी डोक्यात शिरायची नाही. सहामाहीत भूमितीखाली लाल रेघ. बाबा म्हणाले, अभ्यास नको म्हणून नाटकं. वर क्रिकेटपटू अंशुमान गायकवाडचं उदाहरण, बडोद्याचा माणूस, जमैकात वेस्ट इंडिजच्या होल्डिंगचा चेंडू कानावर खाल्ला, हेल्मेट नाही काही नाही, आणि तू एका गुडघ्याने रडतोस. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता सुचतं. अहो बाबा, १९७६ च्या त्या मॅचमध्ये तो ८१ वर असताना बाहेर गेला तो परत आलाच नाही, दुसऱ्या डावात स्कोअरकार्डावर अॅब्सेंट हर्ट, म्हणजे जखमी म्हणून गैरहजर, असं आहे. त्याला कोणी बर्फ चोळून परत नाही पाठवलं.

आणि दादा. तो परवापरवापर्यंत गणपतीत सगळे जमले की "किती झाले? किती झाले?" अशी माझी नक्कल करायचा आणि पोरंटोरं लोळायची. मी पण हसायचो, पार चाळिशीपर्यंत. मग माझी मुलगी स्केटिंग करताना पडली, तिला घेऊन गेलो तर डॉक्टरीणबाईंचा पहिलाच प्रश्न, एकच गोष्ट परत परत विचारतेय का? मी गपकन स्टुलावर बसलो. तीस वर्षं ज्याच्यावर हसलो ते कन्कशनचं, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याचं, लक्षण होतं.

असो, तुमचं उत्तर. एकदा लागलं आणि पोराला नीट बरं होऊ दिलं तर बहुतेक पोरं पूर्ण बरी होतात, लहान मुलांना तीन-चार आठवडे लागू शकतात एवढंच. वाट लागते ती पहिलं भरून यायच्या आत दुसरा दणका बसला की, किंवा वर्षानुवर्षं बारीक बारीक दणके बसत राहिले की. बॉक्सरांचं हे १९२८ मध्येच मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लिहून ठेवलंय. २००२ मध्ये ओमालू नावाच्या डॉक्टरने माइक वेब्स्टर या अमेरिकन फुटबॉलवाल्याचा मेंदू तपासला आणि त्यात टाऊ प्रथिन साठलेलं सापडलं, वारंवारच्या दणक्यांनी होणाऱ्या त्या मेंदूच्या आजारालाच सीटीई म्हणतात, आणि त्याचं पक्कं निदान माणूस गेल्यावरच होतं. ग्लासगोच्या २०१९ च्या अभ्यासात जुने व्यावसायिक फुटबॉलपटू (आपला पायाने खेळायचा फुटबॉल) मेंदू झिजण्याच्या आजारांनी इतरांच्या साडेतीन पट मेलेले दिसले. अमेरिकेच्या याच फुटबॉलच्या (सॉकरच्या) संघटनेने तर २०१५ मध्येच १० वर्षांपर्यंतच्या पोरांना हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, बंद केला. पोरांची मान कच्ची, डोकं त्या मानाने जड, त्यामुळे तेवढ्याच धक्क्याने डोकं जास्त हलतं.

डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून संध्याकाळी मैदानावर सोडू नका. सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, आत ताणले गेलेले तंतू दिसत नाहीत. आणि हेल्मेट, हेडगार्डने कवटी वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच.

दादाचं पेटंट वाक्य, आम्ही पण खेळलो, आम्हाला काय झालं? अरे तू राखीव होतास! तीन वर्षांत दोनदा मैदानात आलास, तुला काय होणार?

कबड्डी बंद करू नका, माझी सहामाही गेली तरी मी हेच म्हणेन. फक्त कोचला जाऊन विचारा की डोक्याला लागलं तर तुम्ही काय करता. "पाणी मारतो आणि खेळवतो" म्हणाला तर दुसरी व्यायामशाळा बघा, बडोद्यात... सॉरी, तुमच्या गावात पण असतीलच. डोक्याला लागलं त्या दिवशी खेळ संपला, मग फायनल असो. सारखी उलटी, झोपेतून नीट जाग न येणं, डोकेदुखी वाढत जाणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, फिट येणं, यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल. चवडा पकडताना डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं तेही नीट शिकवतात का बघा, आम्हाला ते ओरडून सांगायचे, करून कोणी दाखवलंच नाही.

हो, एक राहिलं. मी डॉक्टर नाही, बँकेत आहे. आणि वरचे आकडे आयुष्यभर खेळलेल्या लोकांचे आहेत, ते उचलून नऊ वर्षांच्या पोराला लावू नका, उगाच झोप उडेल. माझं काय झालं म्हणाल तर काही नाही झालं, नावं विसरतो, पण ती बायकोही विसरते.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराला दादाचा फोन. त्याच्या धाकट्याचं डोकं आपटलेलं, दोनदा ओकला होता. मी म्हटलं, आधी त्याला घेऊन निघ, मी येतो. तर निघता निघता हळूच विचारतो, "किती दिवस घरी बसवायचं रे याला?" पोरगं ठीक आहे. यंदा गणपतीत नक्कल झाली नाही.