संख्यांचे आकृतिबंध: पहिल्या तासाला चिंचोके न्या

ताई, कोथरूडला पाचवी-सहावीचा वर्ग घेताय, फार छान! पहिले दोन आठवडे सूत्राला हात लावू नका. आपण सगळे तिथेच चुकतो: मुलांना काही दिसायच्या आत फळ्यावर सूत्र लिहून मोकळे होतो.

त्याऐवजी मूठभर चिंचोके न्या. बाकावर एक ठेवा. त्याला काटकोनात ३ लावा, मग ५, मग ७. प्रत्येक वेळी चौरस तयार होतो: १, ४, ९, १६. पुढचा थर किती चिंचोक्यांचा, हे मुलं मोजायच्या आधीच ओरडून सांगतात. त्या क्षणी गप्प बसा. "कशावरून?" एवढंच विचारा.

दुसरी चूक म्हणजे एकच उत्तर बरोबर धरणं. १, २, ४ च्या पुढे कुणी ८ म्हणेल, कुणी ७. दुप्पट केली तर ८. आधी १, मग २, मग ३ मिळवले तर ७. दोन्ही बरोबर, फक्त नियम सांगता आला पाहिजे. मी ७ वाल्याला आधी बोलायला लावते.

आणखी दोन गोष्टी:
- नियम मराठीत, पूर्ण वाक्यात वहीत लिहून घ्या.
- उतरत्या क्रमिकाही (लहान होत जाणाऱ्या संख्यांच्या रांगा) द्या, नाहीतर मुलं नुसती बेरीजच शोधतात.

श्रेढीचं, म्हणजे ठरावीक फरकाने पुढे जाणाऱ्या संख्यांच्या रांगेचं, सूत्र दहावीत येईलच. गणिती द. रा. कापरेकरांचा ६१७४ सुद्धा दिवाळीनंतर काढा: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ च येतो.