झाडं रात्री झोपलेली असतात

पिल्ल्या,

परवा गाडीत तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी दिलं नाही, "घरी गेल्यावर सांगते" म्हणून टाळलं आणि घरी आल्यावर भाजी, उद्याचा डबा, ऑफिसचा एक कॉल, राहूनच गेलं. मला वाटलं विसरला असशील, पण काल झोपताना परत काढलंस. म्हणून लिहायला बसले. मराठीतच लिहितेय कारण हे मला इंग्लिशमध्ये सांगता येईना, ट्राय केलं दोनदा. जड गेलं तर रविवारी कॉलवर आज्जीकडून वाचून घे. मधे एका जागी ती गप्प होईल, तेव्हा तिला घाई करू नकोस.

तुमची शाळेची ट्रिप इथल्या त्या रोमन काळच्या हेड्रियनच्या भिंतीकडे गेली होती, तिथल्या सेंटरमध्ये तुम्हाला भिंतीजवळच्या त्या तोडलेल्या सिकॅमोर झाडाच्या खोडाचा तुकडा दाखवला, टीचरनी सगळी स्टोरी सांगितली, आणि परत येताना गाडीत तू मला म्हणालास, "आई, आपल्याकडे असं झाड तोडलं तर लोक जेलमध्ये जातात का? आज्जी तर झाडाला नमस्कार करते, गोल गोल फिरते, मग तुमच्या गावातलं झाड कुणी वाचवलं का नाही?"

गावातल्या झाडाचं तुला मीच कधीतरी सांगितलं असणार. अर्धंच सांगितलेलं.

आधी इथलं. ते झाड पडलं तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, सप्टेंबर २०२३, २७ आणि २८ तारखेच्या मधली रात्र, वादळ होतं बाहेर. सकाळी बातमी आली तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं वाऱ्यानं पडलं असेल, मग फोटो बघितले तर बुंधा असा सपाट, सुरीनं केक कापल्यासारखा. माझ्या ऑफिसातली एक बाई, जी कधी हवामानापलीकडे बोलत नाही, ती त्या दिवशी किचनमध्ये कप हातात धरून रडत होती. तिच्या वडलांची राख त्या झाडाखाली टाकली होती म्हणाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खरं सांगू का, मनात म्हटलं, बाई गं, एका झाडासाठी एवढं? मग लगेच लाज वाटली. का वाटली ते पुढे येईलच.

त्या संध्याकाळी मी आज्जीला फोनवर सांगितलं की इथलं एक फेमस झाड होतं, २०१६ ला इंग्लंडमधलं त्या वर्षीचं सगळ्यात लाडकं झाड म्हणून निवडून आलेलं, ते कुणीतरी तोडलं. आज्जी म्हणाली, अरेरे. मग म्हटलं रात्री येऊन तोडलं. त्यावर ती एकदम थांबलीच. "रात्रीचं?" म्हणाली. "झोपलेल्या झाडाला?"

आता हे तुला माहीत नसणार. आपल्याकडे दिवेलागणीनंतर झाडाला हात लावायचा नाही. तुळशीचं पान सुद्धा तोडायचं नाही. कढीपत्ता लागला तर सकाळी आणून ठेवायचा, संध्याकाळी आठवलं तर त्या दिवशीची आमटी तशीच. कारण विचारलं की सांगायचे, झाडं झोपलेली असतात. लहानपणी मी एकदा अंधारात मोगऱ्याची फुलं काढायला गेले तर माझ्या आज्जीनं, म्हणजे तुझ्या पणजीनं, तिला आम्ही आक्का म्हणायचो, हातावर फटका दिला होता. अगदीच नडलं, औषधाला वगैरे पाला लागला, तर आधी झाडाला हात लावून उठवायचं, माफी मागायची, मग दोन पानं घ्यायची. म्हणून आज्जीला झाड तोडल्यापेक्षा रात्री तोडल्याचं जास्त लागलं. आपल्याकडची माणसं झाडं तोडत नाहीत असं अजिबात नाही, भरपूर तोडतात, पण तोडण्याचीही एक रीत होती. जुनं झाड असेल तर आधी नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं, मगच कुऱ्हाड. मशीन घेऊन येणारी माणसं पण नारळ फोडतात, मी बघितलंय.

दुसरा प्रश्न आज्जीनं विचारला तो म्हणजे, "पण तोडलं कशाला?" आणि याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्याकडे झाड जातं त्याला कारण असतं, बांधाचं भांडण असतं, भाऊबंदकी असते, रस्ता असतो, लाकूड विकायचं असतं, नाहीतर पिकावर सावली पडते. इथे त्यातलं काहीच नाही. ती दोन माणसं गाडी घेऊन गेली, तोडलं, मोबाइलवर शूटिंग केलं आणि परत आली. २०२५ च्या मे महिन्यात न्यूकॅसलच्या कोर्टात दोघं दोषी ठरले आणि जुलैमध्ये प्रत्येकी चार वर्षं तीन महिने शिक्षा झाली, हे तुला टीचरनी सांगितलंच. आज्जीला मी शिक्षेचं सांगितलं तर म्हणाली, बरं झालं, पण त्यांच्या आयांचे हाल. ती तशीच आहे.

आता आपल्या गावचं.

आपलं गाव मिरजेहून पंढरपूरकडे जाताना लागतं, स्टॉपवर वड होता. किती जुना ते कुणालाच माहीत नाही, आक्का लग्न होऊन आली तेव्हा पण एवढाच होता म्हणायची. खाली दगडी पार. पारावर म्हातारी माणसं, एस.टी.ची वाट बघणारी माणसं, आणि बुंध्याला खिळा मारून त्यावर आरसा टांगून एक जण दाढी-कटिंग करायचे, खुर्ची नाही, पोत्यावर बसायचं. माझ्या सगळ्या काकांचे केस तिथे कापलेत. आम्ही पोरं पारंब्यांना लोंबकळायचो, त्यात एकदा माझा दात पडला, तो किडका होता म्हणून सगळे खूश झाले.

२००२ च्या मे महिन्यात रस्ता रुंद करायचं काम आलं. मी बारावीची परीक्षा देऊन रिझल्टची वाट बघत होते. सकाळी आठच्या सुमाराला मशीनची करवत घेऊन पाच-सहा जण आले आणि गाव सगळं गोळा झालं. तू विचारलंस ना कुणी वाचवलं का नाही, तर ऐक, कुणी आडवं गेलं नाही. एकही माणूस नाही. बायका रडत होत्या, म्हातारे उपरणं तोंडाला लावून बसले होते, दोन-चार पोरांनी शिव्या दिल्या, पण त्या त्या कामगारांना, सही करणारा साहेब तर तिथे नव्हताच. त्या दिवशी गावानं एकच गोष्ट केली, त्या माणसांना कुणी पाणी दिलं नाही. तुला हे काहीच वाटणार नाही. पण आमच्याकडे मे महिन्यात दारात आलेल्याला, चोर असला तरी, तांब्याभर पाणी देतात, त्यामुळे पाणी न देणं म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळलं, ते खाली मान घालून काम करत होते. दुपारी आक्का उठली, कळशी घेतली आणि निघाली. आप्पा म्हणाले, कुठे चाललीस. ती म्हणाली, "आरं पोटासाठी आल्यात ती लेकरं, त्यास्नी काय राग धरायचा." आणि पाजून आली. गावातल्या काही बायका तिच्याशी महिनाभर नीट बोलत नव्हत्या. कुणाचं बरोबर होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक गंमत पण झाली. करवत बुंध्यात निम्मी गेली आणि खाड्कन चेन तुटली. आत खिळे. वर्षानुवर्षं आरशाचे खिळे ठोकलेले, झाडानं गिळून टाकलेले. दुसरी चेन आणायला मिरजेला माणूस गेला, अर्धा दिवस गेला त्यात, आणि गावात असा आनंद झाला जसं काही मॅच जिंकली. ते कटिंगवाले तर चहा पाजत सुटले सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत झाड पडलंच म्हणा.

आता तो अर्धा भाग जो मी तुला कधी सांगितला नव्हता. रस्त्याकडेची आपली पण जमिनीची पट्टी गेली त्या कामात आणि तिचे पैसे मिळाले. फार नाहीत, पण जूनमध्ये माझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली आणि पहिल्या वर्षाची फी त्या पैशातून भरली. आप्पांनी बँकेतून आणून माझ्या हातात दिले. गावात अशी बरीच घरं होती, कुणाचं पत्र्याचं छप्पर स्लॅबचं झालं, कुणाच्या पोरीचं लग्न झालं, कुणी बोअर मारली. तर झाड कुणी का वाचवलं नाही, त्याचं एक उत्तर म्हणजे तुझी आई. मी त्या दिवशी पारापाशी उभी होते, रडले पण, आणि मनात हिशोबही चालू होता. ऑफिसातल्या त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवताना मला जी लाज वाटली ती ही.

त्या वर्षी महिन्याभरानं वटपौर्णिमा आली. तुला माहितीये ना, जूनमध्ये आज्जी व्हिडिओ कॉलवर दाखवते ते, सावित्रीनं यमाकडून नवरा परत आणला ती गोष्ट, वडाला सूत गुंडाळत सात फेऱ्या, आंबे-फणसाचं वाण. तर वड नाही म्हणून गावातल्या बायकांनी मिरजेच्या मार्केटातून वडाच्या फांद्या विकत आणल्या आणि घरात कुंडीत खोचून पुजल्या. म्हणजे झाड तोडलं म्हणून रडायचं आणि दुसऱ्या कुठल्या तरी झाडाची तोडलेली फांदी विकत आणून तिची पूजा करायची. आता शहरात तर सगळीकडे हेच. मला याचा भयंकर राग येतो आणि आज्जीला सांगितलं की ती म्हणते, मग काय पूजा सोडून देऊ? मी इथे कागदावर वड काढून पुजते, तू हसतोस, हस.

पण सगळीकडे माणसं गप्पच बसली असं नाही. आपल्या मिरज तालुक्यातच भोसे म्हणून गाव आहे, तिथे यल्लम्मा देवीच्या देवळाजवळ वड होता, चारशे वर्षांचा सांगायचे. रत्नागिरी-नागपूर हायवेच्या कामात तो जाणार होता, २०२० ची गोष्ट, कोविड चालू, तरी तिथली पोरं झाडाभोवती उभी राहिली, फोटो सगळीकडे फिरले, तेव्हाचे राज्याचे पर्यावरण मंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रात नितीन गडकरींना पत्र लिहिलं आणि शेवटी रस्ता थोडा सरकवायचं ठरलं. राष्ट्रीय महामार्ग सरकला रे एका झाडासाठी! मी ती बातमी इथे किचनमध्ये उभी राहून तीनदा वाचली. आणि मग २०२२ च्या जूनमध्ये ते झाड आपणच उन्मळून पडलं. माझा मामा म्हणतो एवढं शेजारी खणल्यावर मुळं राहतात होय जागेवर. तो काही तज्ज्ञ नाही, द्राक्षवाला आहे, पण मुळांचं त्याला कळतं. वाचवलेलं झाड पडलं याचं दुःख काय असतं ते त्या पोरांना विचारावं, मला तर फोनवर मामाचा आवाजच वेगळा लागला.

आणि जेलचं विचारलंस. मुंबईत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आरेला मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडली, दोन हजारांच्या वर, हायकोर्टाचा निकाल आला त्याच रात्री सुरू केली, बघ, परत रात्रीच. तिथे अटक झाली ती झाडं वाचवायला आलेल्या लोकांना. सुप्रीम कोर्टानं दोन-तीन दिवसांत थांबवलं पण तोवर बरीचशी पडली होती. तुला हे उलटं वाटेल. मला पण वाटलं.

आमच्याकडे राग नाही असं नाही रे, आहे, पण इथे जशी दोन माणसं सापडली आणि सगळा देश त्यांच्यावर चिडला तशी आम्हाला सापडत नाहीत. झाडामागे कागद असतो, कागदावर सह्या असतात, आणि रस्ता तर सगळ्यांनाच पाहिजे असतो, मलाही पाहिजे, मिरजेला आता निम्म्या वेळात पोचतो आपण.

आक्कानं तोडलेल्या वडाची एक मनगटाएवढी फांदी आणून विहिरीजवळ बांधाला लावली होती. वडाची फांदी नुसती खोचली तरी धरते, तशी धरली पण. चांगला दोन पुरुष उंच झाला होता. तू आता विचारशील तो दाखव म्हणून, तर नाहीये तो. मुळं विहिरीच्या कडेत शिरायला लागली आणि सावली द्राक्षाच्या ओळीवर यायला लागली म्हणून काढला, आक्का गेल्यावर दोन वर्षांनी. मामानंच काढला. दिवसा, नारळ फोडून. आज्जी गप्प होईल म्हटलं ना, ते इथे.

गावात अजून स्टॉपला "वडाचा स्टॉप"च म्हणतात. तिकडे आता पत्र्याचं शेड आहे, मोबाइल रिचार्जचं दुकान आहे, आणि कंडक्टर विचारतो, वडावर कोण उतरणार? आणि आम्ही हात वर करतो. कृष्णेच्या काठी औदुंबर नावाचं अख्खं गाव आहे झाडाच्या नावाचं, दत्ताचं, तुला मागच्या वेळी नेलं होतं, तिथे तू होडीत बसायचा हट्ट केलास तेवढंच तुला आठवत असेल. आणि साताऱ्याकडे जावळीत म्हसवे गावचा वड म्हणजे एका झाडाचं जंगल, १८८२ साली एका इंग्रजानं मोजला तेव्हा त्याच्या सावलीचा घेर भरला १,५८७ फूट. पुढच्या सुट्टीत तिकडे जाऊ, बाबांना आत्ताच सांगून ठेव, ते ऐनवेळी महाबळेश्वर म्हणतात.

अजून एक काम कर. ट्रिपमध्ये तू त्या सिकॅमोरच्या बुंध्याचे फोटो काढलेत म्हणालास, नवीन कोंब फुटलेत त्यांचे, ते आज्जीला पाठव. तिनं या आठवड्यात दोनदा विचारलंय केवढे झाले म्हणून, आणि मी दोन्ही वेळा हातानं अंदाजे दाखवलं, तर म्हणाली, तुझं काय खरं नाही, पोराला विचार.

आई