नळ महापालिकेचा, बिल कंपनीचं. मग दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न: पूर्व नागपुरात आमचं जुनं घर आहे, राहणारे चौघं. नळाचं कनेक्शन अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. मीटर बदलल्यानंतरचं पहिलंच बिल दोन महिन्यांचं ४१२ युनिट, ९,२४० रुपये आलं. आधी कधी ७०० च्या वर गेलं नव्हतं. महापालिकेच्या झोन ऑफिसात म्हणतात, कंपनीकडे जा. कंपनीत म्हणतात, दर महापालिकेचे, आम्ही फक्त वसुली करतो. आता सात दिवसांत भरा नाहीतर नळ कापू, अशी नोटीस आली आहे. पाणी खाजगी कंपनीकडे गेलं असताना महापालिकेवर केस होते का? की हायकोर्टात जाऊन हे खाजगीकरणच रद्द करून घ्यावं? (एक निवृत्त वाचक)

उत्तर: दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी तुमची गत झाली आहे. पण कायदा या दोन्ही घरांना एकाच पंगतीत बसवतो.

नागपूरचं पाणी विकलेलं नाही, चालवायला दिलेलं आहे. मार्च २०१२ पासून २५ वर्षांच्या कराराने खाजगी ऑपरेटर पाणीपुरवठा, मीटर, बिल आणि वसुली बघतो. जलवाहिन्या आणि टाक्यांची मालकी मात्र महापालिकेकडेच आहे. दरही तीच ठरवते. वर्षाला ५ टक्के वाढ तिच्याच उपविधीतून येते. शहराला पुरेसं पाणी मिळावं म्हणून जलकामं सांभाळणं हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार तिचं बंधनकारक कर्तव्य आहे, आणि कामाला माणूस ठेवला म्हणून मालक सुटत नाही. तेव्हा कुठेही गेलात तरी विरुद्ध पक्ष क्रमांक १ महापालिका, आयुक्तांमार्फत, आणि क्रमांक २ कंपनी. एकालाच पक्षकार केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

आता तुमच्या बिलाकडे बघू, कारण खरी ताकद तिथेच आहे. एक युनिट म्हणजे १,००० लिटर. ४१२ युनिट साठ दिवसांत, म्हणजे रोज सुमारे ६,९०० लिटर. गच्चीवर १,००० लिटरची टाकी असेल तर ती रोज जवळपास सात वेळा भरून रिकामी व्हायला हवी. शहरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष माणशी रोज १३५ लिटर; चौघांचे ५४०, म्हणजे दोन महिन्यांत ३२ युनिटच्या आसपास. अर्जात हा हिशेब घाला, वकिली भाषेपेक्षा तो जास्त बोलतो.

पण त्याआधी घरच्या घरी एक तपासणी करा. रात्री सगळे नळ बंद करून टॉर्च घेऊन मीटरजवळ बसा. डायलमधली छोटी चकती तरीही सरकत असेल तर गळती मीटरच्या पुढे, तुमच्या पाइपात आहे, आणि ते बिल बहुधा तुमच्याच गळ्यात पडेल. चकती थांबलेली असेल तर पहाटे पाणी यायच्या वेळी नळ उघडून पुन्हा बघा. आधी नुसती फुसफुस हवा येते आणि तेवढ्यातही चकती गरगर फिरते का? पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर रिकाम्या पाइपातली हवा मीटर फिरवू शकते. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, त्यात मीटरचा नंबर आणि आकडे दिसू द्या. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांजवळ बिलांची चळत असते, मीटरचा एकही फोटो नसतो. जुना मीटर काढला त्या दिवशीचं रीडिंग कुठे लिहून ठेवलं असेल तर सोन्याहून पिवळं. आणि हो, लाइनीवर टुल्लू पंप (नळातून पाणी ओढणारी छोटी मोटर) लावलेला असेल तर आजच काढा. तो सापडला की बाकी सगळा युक्तिवाद वाहून जातो.

सात दिवसांची घाई आहे, म्हणून नोटिशीला उद्याच लेखी उत्तर द्या: बिल मान्य नाही, मीटर माझ्यासमोर तपासा, तोवर नळ कापू नका. मागच्या वर्षभराच्या बिलांची सरासरी काढून तेवढी रक्कम ‘हरकत राखून’ भरा आणि तसं पत्रात लिहा. दोन्ही ऑफिसांत आवक शिक्का घ्या, एक प्रत स्पीड पोस्टने पाठवा. माहिती अधिकारात १० रुपयांत महापालिकेकडून मीटर बदलल्याची नोंद आणि करारातली बिलिंगची कलमं मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे त्यावर अडून राहू नका.

तरीही नळ कापायला आले तर जिल्हा ग्राहक आयोग. मोजून पाणी आणि मोजून पैसे, म्हणजे ही सेवा आहे. घरपट्टीसारखा कर नाही, हा मुद्दा ठामपणे मांडा, कारण समोरून पहिली हरकत हीच येईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८(८) खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागता येतो. तुमच्या रकमेला फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

दुसरा रस्ता कायमस्वरूपी लोक अदालतीचा. अधूनमधून भरते ती लोक अदालत वेगळी. तिथे दोघांच्या संमतीशिवाय काही होत नाही. कायमस्वरूपी लोक अदालतीच्या कायद्यात पाणीपुरवठ्याचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे, समेट झाला नाही तर ती निकालही देते. मात्र एकदा तिथे अर्ज केला की त्याच वादासाठी दुसऱ्या कोर्टात जाता येत नाही आणि निकालावर अपील नाही. नळ तुटायची भीती डोक्यावर असताना मी तुम्हाला आयोगच सुचवेन.

हायकोर्टाचं म्हणाल तर एका बिलासाठी नागपूर खंडपीठात रिट नको. मीटर बरोबर की चूक हा पुराव्याचा वाद, तो तिथे चालवत नाहीत. करार रद्द करणं तर त्याहून अवघड. बाल्को या सरकारी अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या खाजगीकरणाच्या प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक धोरणाच्या शहाणपणात कोर्टाने पडायचं नाही, असं सांगितलं आहे. खाजगीकरणाबद्दलचा तुमचा राग मला पटतो, पण तो या फायलीत मिसळलात तर फायलीचं वजन घटेल.

वडिलांच्या नावाची काळजी नको. ग्राहकाच्या कायदेशीर वारसाला तक्रार करता येते; मृत्यूचा दाखला आणि वारस म्हणून शपथपत्र जोडा. नाव बदलायचा अर्ज सध्या थांबवा. त्या टेबलावर आधी थकबाकी नाही असं दाखवा म्हणतील, आणि घाईघाईत सगळे ९,२४० भरून बसाल.